रेनॉक्स डीसीआर-२५०: फूल मोठं दिसतं, उजेडाचं काय?

५५-२५० मिमीसारखी झूम लेन्स हाताशी असेल, तर फुलांच्या क्लोजअपसाठी वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याआधी रेनॉक्स डीसीआर-२५० जरूर वापरून पाहावी. ८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) ही जोडलेन्स ५२ ते ६७ मिमी फिल्टर-आटे (पुढच्या कडेचे फिल्टर बसवायचे आटे) असलेल्या लेन्सच्या तोंडावर स्प्रिंगच्या क्लिपने बसते. आत तीन भिंगं आहेत, त्यामुळे एका भिंगाच्या स्वस्त क्लोजअप फिल्टरसारखी पाकळीच्या कडेला जांभळी किनार फारशी दिसत नाही.

हिशेब सोपा आहे. फोकस अनंतावर ठेवायचा आणि फोकल लेंग्थला (झूमवरच्या मिमीच्या आकड्याला) १२५ ने भागायचं. १२५ मिमीवर एकास एक, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराचं; २५० वर दुप्पट. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) दुप्पट म्हणजे फ्रेमची रुंदी जेमतेम ११ मिमी. त्यात अख्खी जास्वंद मावणार नाही, पण दांड्याच्या टोकाचे पाच मखमली लाल ठिपके आणि त्यांना चिकटलेले परागाचे पिवळे गोळे एकेक मोजता येतात.

हिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ही उजेड खात नाही. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समधली पोकळ नळी) लावून एकास एक गाठलं की दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड दोनदा निम्मा होतो. इथे तसं होत नाही.

खरी अडचण अंतराची. फूल भिंगापासून साधारण ११-१२ सेंटिमीटरवरच फोकसमध्ये येतं. इतक्या जवळ लेन्सचीच सावली फुलावर पडते आणि कॅमेऱ्यावरचा पॉप-अप फ्लॅश लेन्सच्या नळीआड अडतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून बाजूला धरावा आणि फुलाच्या अगदी जवळ, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, बटर पेपरचा पडदा लावावा. पडदा जितका जवळ, तितका उजेड मऊ. दुसऱ्या बाजूला पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा धरला की सावलीतली बाजू उघडते.

सुरुवातीला मॅन्युअल मोड, छिद्र एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर ठेवावा. फूल उजळ किंवा काळपट आलं तर फक्त फ्लॅशची ताकद बदलावी. झाडाखाली या सेटिंगला मागची पानं काळीठिक्कर येतात, कारण १/२०० मध्ये नुसत्या सावलीचा उजेड पुरत नाही. शटर १/६० आणि आयएसओ ४०० केला की हिरवा रंग परत येतो. फ्लॅश मात्र एक स्टॉप उतरवायचा, म्हणजे १/३२ करायचा. वारा असेल तर हे करू नये, पाकळीभोवती भुतासारखी दुसरी कड उमटते. छिद्र एफ/१६ च्या पुढे बारीक केलं की विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ/११ वर दुप्पट मोठेपणाला धारदार भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच असतो, तेव्हा फोकसची रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवावा.

लाल फुलांत आणखी एक घोटाळा होतो. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या भिंतीला आदळलेला असतो आणि पाकळीच्या शिरा पुसल्या जातात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम बघून एक्स्पोजर २/३ स्टॉप कमी करावा. कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबून पांढरा मोगरा काढताना उलट, २/३ ते १ स्टॉप वाढवावा, नाहीतर तो राखाडी येतो.

क्लिप हा हिचा कच्चा दुवा. बोट लागलं की सुटते. डीसीआर-२५० चे स्वतःचे आटे ४३ मिमीचे आहेत, त्यामुळे ५८ मिमीच्या झूमला ५८-४३ स्टेप-डाउन रिंग लावून ती पक्की बसवावी. झूम मागे घेतला की कोपरे काळे पडतात, तो दोष मात्र राहतोच.

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारासाठी ही निवड आमच्या मते चुकीची. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही तिथली इवली रोपं ११ सेंटिमीटरवरून टिपायला वाट सोडून आत उतरावं लागेल आणि शेजारची दहा रोपं चिरडली जातील. तिथे ४.८ डायॉप्टरची डीसीआर-१५० घ्यावी. अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास मिळतं, २५० मिमीवर मोठेपणा १.२ पट येतो, वाटेच्या कडेची फुलं वाटेवरूनच टिपता येतात आणि पडदा धरायला जागाही उरते. फक्त फुलंच काढणार असाल तर पहिली खरेदी १५० ची करावी. २५० परागकोश आणि कुक्षींसाठी (जास्वंदीचे ते लाल ठिपके म्हणजे कुक्षी), तीही घरच्या कुंडीत.