मित्राला न सांगता केलेले हाउसबोटचे बुकिंग

महाविद्यालयात चार वर्षे वसतिगृहाच्या एकाच खोलीत माझ्यासोबत राहिलेला मित्र गेली अनेक वर्षे केरळमधील आलप्पुळा येथे, म्हणजे जुन्या अलेप्पीत, स्थायिक आहे. “या डिसेंबरात आला नाहीस, तर पुन्हा फोन करू नकोस,” असे त्याने वसतिगृहातच शिकलेल्या मराठीत बजावले आणि २०२४ च्या डिसेंबरात आम्ही चौघांनी नेत्रावती एक्स्प्रेसची तिकिटे काढली. या भेटीच्या निमित्ताने माझे २५,४४० रुपये गेले. ते कोणी हिसकावून घेतले नाहीत. तीन वेळा मी ते आपल्या हाताने पाठवले. त्या प्रदेशाची मला काहीही माहिती नव्हती आणि ज्याला होती, त्याला मी मुद्दाम काही विचारले नाही, एवढेच या फसवणुकीचे मूळ आहे.

न विचारण्याचे कारण भीड हे होते. मित्राचे घर लहान आहे, त्यात आपण चौघे जाऊन पडणार, तेव्हा निदान एक रात्र दोन्ही कुटुंबांनी हाउसबोटवर काढावी आणि तो खर्च आपण करावा, असे मी ठरवले. त्याला आधी सांगितले असते, तर त्याने मला एक पैसाही देऊ दिला नसता. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ती पाहुण्याच्या भिडेलाही लागू पडते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

इंटरनेटवरील नकाशात मला एका हाउसबोटची नोंद सापडली. छायाचित्रे खरी होती, प्रवाशांचे अभिप्राय खरे होते आणि बोटही खरी होती. खोटा होता तो केवळ फोन क्रमांक. अशा नोंदींमध्ये दुरुस्ती सुचवण्याची सोय कोणालाही असते आणि त्याच वाटेने कोणीतरी तिथे आपला क्रमांक घुसवला होता, हे मला पुढे कळले. फोनवरचा माणूस स्वच्छ हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. दोन खोल्यांची बोट, जेवणासह एका रात्रीचे १६,००० रुपये, त्यापैकी ८,००० इसार म्हणून आधी. भाव फार स्वस्त असता, तर कदाचित मी सावध झालो असतो. गर्दीच्या हंगामात तो रास्त वाटला.

त्या संभाषणातील तीन गोष्टी मी इथे मुद्दाम नोंदवतो. आम्ही संध्याकाळी सात वाजता बोटीवर येऊ, असे मी म्हणालो आणि तो लगेच हो म्हणाला. बोट रात्रभर चालू राहील का, या प्रश्नालाही त्याने होच म्हटले. शेवटी तर, “सकाळी समुद्रातून सूर्योदय दिसेल, सर,” असे त्याने आपणहून सांगितले. प्रत्यक्षात तिथल्या हाउसबोटी समुद्रात जात नाहीत. त्या वेंबनाड सरोवरात आणि त्याला मिळणाऱ्या कालव्यांत फिरतात. मुक्कामाच्या प्रवाशांना साधारण दुपारी बोटीवर घेतात आणि संध्याकाळी बोट काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री मासेमारांची जाळी पाण्यात असतात. सूर्योदयाविषयी तर काय सांगावे! अरबी समुद्र तिथेही पश्चिमेलाच आहे, ही गोष्ट उभा जन्म कोकणकिनारा पाहत आलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये, याची मला पैसे गेल्यापेक्षा अधिक लाज वाटते. खरा व्यावसायिक प्रवाशाच्या निम्म्या मागण्यांना नाही म्हणतो, कारण त्याला बोट चालवायची असते. या माणसाकडे चालवायला बोटच नसल्यामुळे त्याला हो म्हणायला काहीच पडत नव्हते.

पहिले ८,००० रुपये पाठवल्यानंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. रकमेत जीएसटी धरलेला नसल्यामुळे संगणक पावती तयार करत नाही, तेव्हा करासह ९,४४० रुपये एकरकमी पाठवावेत, आधीचे ८,००० आपोआप परत येतील, असे त्याने सांगितले. आठ हजारांवर अठरा टक्के म्हणजे १,४४०. हिशेब अचूक जुळत होता आणि त्या अचूकपणालाच मी भुललो. राहिलेला करच वेगळा का पाठवू नये, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. पैसे गेल्यावर व्हॉट्सॲपवर शिक्कामोर्तब केलेली सुबक पावती आली.

ते ‘आपोआप’ परत येणारे पैसे प्रवासाला निघेपर्यंत आले नाहीत. गाडीने रत्नागिरी सोडल्यानंतर मी त्याला पुन्हा फोन लावला. कोकण रेल्वेचे बोगदे एकामागून एक येत होते, आवाज तुटत होता आणि तो सारखा म्हणत होता, “सर, कॉल कट करू नका, रिफंडचा कोड पाठवला आहे, लवकर स्कॅन करा.” पत्नीच्या फोनवर तो क्यूआर कोड उघडून मी माझ्या फोनने स्कॅन केला. पडद्यावर वरच्या बाजूला बोटीचे नव्हे, तर कोणा भलत्याच व्यक्तीचे नाव होते, त्याखाली ८,००० ही रक्कम आणि त्याखाली पिनचे सहा रिकामे चौकोन. पत्नी म्हणाली, “पैसे आपल्याला मिळणार आहेत, मग पिन कशाला?” मी तिला गप्प राहण्याची खूण केली आणि सहा अंक भरले. लगेच बोगदा आला. बाहेर पडल्यावर फोन वाजला, तो ८,००० रुपये खात्यातून वजा झाल्याचा संदेश होता.

यूपीआयचा पिन केवळ पैसे देताना, किंवा खात्यातील शिल्लक पाहताना, लागतो. पैसे घेण्यासाठी पिनही भरावा लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी कार्यालयात इतरांना हेच सांगत असतो.

त्यानंतरची माझी चूक अधिक महाग पडली. आपण फसलो हे गाडीतच उमगले होते, पण मित्राला काय सांगायचे, या विचारात मी पुढचा अख्खा दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी पोहोचल्यावर संध्याकाळी मी त्याला सर्व सांगितले, तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “अरे येड्या, मग मी इथे राहतो तो कशाला?” त्यानेच १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लावून माझ्या हाती फोन दिला. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात आणि पैसे ज्या बँकेत गेले, तिला तत्काळ कळवतात. रक्कम अजून खात्यात असेल, तर ती तिथेच गोठवता येते. माझे पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात सरकून बहुतांशी काढले गेले होते. अवघे ३,२०० रुपये अडकवता आले.

माझ्या बँकेकडून फारसे काही हाती लागले नाही. तिऱ्हाइताने केलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर त्याचा भार ग्राहकावर पडू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. परंतु मी स्वतः पिन भरलेला असल्यामुळे हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही, असे बँकेने लेखी कळवले. पोलिसांतील तक्रार मात्र कोणत्याही ठाण्यात देता येते, ती फसवणूक झाली त्या गावीच द्यावी लागते असे नाही. गोठवलेली रक्कम मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यात काही महिने गेले.

१९३० ला फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी मित्राने आम्हांला पुन्नमडा येथील धक्क्यावर नेले. ज्या बोटीची छायाचित्रे मी आठवडाभर घरच्यांना दाखवत होतो, ती तिथे उभी होती. मालकाने माझी पावती हातात घेऊन शांतपणे वाचली आणि तुम्ही या महिन्यातले तिसरे, असे सांगितले. बोटीच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक दाखवून तो म्हणाला की, बोट ठरवताना हा क्रमांक आणि मालकाशी व्हिडिओवर बोलणे, एवढे मागितले असते, तरी तो माणूस पुन्हा फोनवर आला नसता. आम्ही बोट घेतली नाही. राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटीने, शाळकरी मुले आणि बाजारहाट करून परतणाऱ्या बायकांबरोबर, त्याच पाण्यातून अगदी थोड्या पैशांत फिरून आलो. तिकिटे मित्राने काढली आणि मीही वाद घातला नाही.

परत आल्यावर मी नकाशावरील त्या नोंदीतील क्रमांक चुकीचा असल्याचे कळवले, मालकानेही कळवले आणि तो काढून टाकण्यात आला. महिनाभराने सहज पुन्हा ती नोंद उघडली, तेव्हा तिथे तिसराच क्रमांक होता. मी मित्राला फोन करून विचारले. तो मालकाचा नव्हता.