गाडीची चोरी, एफआयआरची नकल आणि खात्मा: इंदूरच्या थान्यातले माझे पाच महिने

थान्यांची, म्हणजे पोलीस ठाण्यांची, नावं मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या दोघांची चूक सांगायची आहे आणि एकाचं मनापासून कौतुक करायचं आहे. नाव लिहिलं की लोक चूक तेवढी लक्षात ठेवतात. इंदूरच्या मराठी घरांतून थान्याची पायरी न चढण्याचा एक जुना रिवाज आहे, 'आपल्याला काय करायचंय' म्हणण्याचा. मीही एकसष्ट वर्षं तोच पाळला. पण कधी ना कधी कागद लागतोच, म्हणून हे लिहिते आहे.

माझी ॲक्टिव्हा नोव्हेंबरात गेली. भाजीबाजाराच्या तोंडाशी लावली, आत जाऊन गराडू आणि मेथी घेतली, वीस मिनिटांत परतले तर जागा रिकामी. किल्ली माझ्या मुठीत होती. शेजारच्या पेरूवाल्याने 112 ला फोन लावायला सांगितलं, तो लावला. मग मी रिक्षा करून घराजवळच्या थान्यात गेले, कारण तोच ठाऊक होता.

तिथे पहिलं उत्तर मिळालं, "ये हमारे एरिया का मामला नहीं है, उधर जाइए." मी निमूट उठले आणि दुसऱ्या थान्यात गेले. आता मला माहीत आहे की त्यांनी माझी तक्रार तिथेच लिहून घ्यायला हवी होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही थान्यात देता येते. पुढे पाठवायचं काम त्यांचं. त्याच कलमात ऑनलाईन खबर द्यायचीही सोय आहे, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. रात्री आठ वाजता पिशव्या हातात घेऊन एकट्या बाईने दोन थाने हिंडण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या थान्यात तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी नीट बसवलं, पाणी दिलं. मोबाईलमधला आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, फोटो बघून त्यांनी टाईप केलं. प्रिंटरची शाई संपत आलेली, अक्षरं राखाडी. पानं उलटत त्यांनी खाली बोट ठेवलं, "यहाँ साइन कर दीजिए." साडेनऊ वाजले होते, घरून सूनबाईचे फोनवर फोन येत होते. मी सही केली. वाचलं नाही. त्यांनी शिक्क्यासकट एक प्रत हातात दिली, पैसे घेतले नाहीत. घ्यायचे नसतातच, तक्रार देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, हा कायदा आहे. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात 'सर्टिफाईड कॉपी काढून देतो, पाचशे रुपये' असं ऐकलं. कृपा करून असे पैसे कोणी देऊ नका.

तीन आठवड्यांनी विमा कंपनीचा फोन आला. एफआयआरमधला चासीचा नंबर आरसीशी जुळत नाही. मी दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. एक एक अक्षर बोटाने पुढे सरकवत गेले, एम, ई, चार… आणि शेवटून तिसऱ्या जागी आरसीवर 8 होता, एफआयआरमध्ये इंग्रजी 'बी'. फोटोत दोन्ही सारखेच दिसत होते. एका अक्षराने माझा दावा अडला.

खरी दुःखाची गोष्ट इथून सुरू होते. मी थान्यात गेले. "एफआईआर एक बार हो गई तो हो गई, अब कुछ नहीं होगा." दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. चौथ्या दिवशी साहेब होते पण बंदोबस्तावर निघालेले. बाकावर माझ्या शेजारी एक मजूर बसला होता. त्याचा मोबाईल हरवला होता आणि नवं सिम घ्यायला त्याला सूचनेची प्रत हवी होती. दोन दिवसांची मजुरी बुडवून तो आला होता. त्या माणसाचा विचार अजून मनातून जात नाही. माझ्याकडे पेन्शन आहे, मी चार फेऱ्या मारू शकते. त्याच्यासाठी चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांचं धान्य.

पाचव्यांदा गेले तेव्हा विवेचक भेटले. विवेचक म्हणजे तपास करणारा अधिकारी, आमच्याकडे थान्यात हाच शब्द चालतो. पन्नाशीचे एएसआय (सहायक उपनिरीक्षक), चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात वाट दाखवली, "मैडम, एफआईआर नहीं बदलेगी, आपका पूरक कथन हो जाएगा." म्हणजे पुरवणी जबाब: मूळ नोंद तशीच राहते आणि बरोबर नंबर जोडणारा जबाब प्रकरणाच्या डायरीत लागतो. त्यांनी मूळ आरसी मागितली, फोटो नाही. नंबर हाताने कागदावर उतरवला, आठाला दोन स्वच्छ गोल काढले. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "अब आप पढ़िए, मैं मिलाता हूँ." मी मोठ्याने वाचत गेले आणि ते आरसीवर पेन्सिलीचं टोक ठेवत गेले, सतरा अक्षरं, दोनदा. मगच सही. शिक्का मारलेली झेरॉक्स माझ्या हातात आणि माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पावती. हा 'पावती' शब्द इथल्या हिंदीतही आपलाच चालतो, थान्यात बिनदिक्कत मागा.

वाचून दाखवणं ही काही त्यांची मेहरबानी नव्हती. लिहून घेतलेली खबर सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची, हेही कलम 173 मध्येच आहे. पण पहिल्या रात्री जे झालं नाही ते या गृहस्थांनी केलं, आणि माझा दावा पुन्हा हलला.

आता खात्मा. पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलं होतं, 'आत्या, अ समरी माग.' मी थान्यात 'अ समरी' म्हटलं तर कोणालाच कळेना. महाराष्ट्रात जी अ समरी, ती मध्य प्रदेशात खात्मा: गुन्हा खरा आहे पण चोर सापडला नाही, असा अहवाल. खोटी तक्रार ठरली तर खारिजी. आणि अदखलपात्र बाब असेल तर अदम चेक. बाहेरगावच्या नातेवाइकांच्या शब्दांवर विसंबलात तर उगाच गोंधळ होतो, हे शब्द पाठ करून जा.

गाडीच्या विम्याला नुसती एफआयआर पुरत नाही. खात्मा कोर्टाने स्वीकारल्याची नकल, म्हणजे कोर्टाची प्रत, लागते, दोन्ही किल्ल्या लागतात. नव्वद दिवस होत आले तेव्हा मी विवेचकांना लेखी विचारलं की तपास कुठवर आला. नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला तपासाची प्रगती कळवायची, हे कलम 193 मध्ये आहे, म्हणून विचारताना संकोच वाटला नाही. त्यांनी व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं. मार्चअखेर खात्मा कोर्टात गेला. एप्रिलमध्ये जिल्हा कोर्टाच्या नकल शाखेत अर्ज केला, कोर्ट फीचं तिकीट लावून. जाताना थाना, अपराध क्रमांक, वर्ष आणि खात्मा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून न्या. माझ्या पुढच्या माणसाकडे फक्त नाव होतं, त्याला परत पाठवलं.

थान्याशी संबंधित आणखी दोन किरकोळ कामंही सांगते. मधल्या काळात वरच्या खोलीत भंवरकुआँच्या क्लासची दोन मुलं ठेवली, त्यांची किरायेदार म्हणून सूचना द्यायची होती. ती पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून दिली, आधार आणि फोटो जोडून, पाऊण तासात. घरमालकांनी हे टाळू नये; आदेश निघालेला असताना सूचना दिली नाही तर कारवाई होते. मल्टीतल्या, म्हणजे आमच्या इमारतीतल्या, गणपतीच्या लाऊडस्पीकरची परवानगी मंडळींनी त्याआधी भाद्रपदात घेतली होती. तिथे एवढंच सांगते की रात्री दहानंतर वाजवायचं नाही, तो 2000 सालचा देशभराचा नियम आहे, त्यावर थान्यात वाद घालू नका.

तारे द्यायचे तर पहिल्या थान्याला एक. दुसऱ्याला तीन, तेही मुन्शीजींनी रात्री साडेनऊला प्रत हातात दिली म्हणून. विवेचकांना पाच. त्यांच्याबद्दल वरिष्ठांना मी हाताने पत्र लिहिलं आणि त्याचीही पावती घेतली. विम्याचे पैसे मे महिन्यात जमा झाले. नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममध्येच चासीचा नंबर गाडीवरून वाचला, कागदावरून मुलाने वाचला, आणि मगच सही केली.