चार आण्यांची स्की, बारा आण्यांचा मसाला: घरी बनवलेल्या स्कीवर एक हंगाम

आधी हिशेब सांगतो, कारण विचारणारा प्रत्येक जण तेवढंच विचारतो. स्कीच्या, म्हणजे बर्फावर घसरायला पायात बांधतात त्या लांब पट्ट्यांच्या, एका जोडीत प्रत्यक्ष जाणारं साहित्य, म्हणजे लाकूड, फायबरग्लासचं कापड, इपॉक्सी (दोन द्रव मिसळून करायचा, कडक होणारा गोंद), तळाचं प्लास्टिक, पोलादी कडा आणि वरचा थर, साधारण २५० डॉलरचं. दुकानात चांगली नवी जोडी ६०० ते ९०० डॉलरला पडते. हा फरक बघूनच माझा एक मित्र आणि मी गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमधल्या माझ्या गराजमध्ये कामाला लागलो. नोव्हेंबर ते मे लव्हलँड आणि अरापाहो बेसिन या स्की केंद्रांच्या उतारांवर त्या स्की भरपूर पिदाडल्या. स्की मस्त आहेत. फक्त २५० हा आकडा कोंबडीचा आहे, मसाला वेगळा.

मसाल्यातली सगळ्यात महागडी चीज म्हणजे प्रेस. खाली प्लास्टिकचा तळ आणि पोलादी कडा, त्यावर फायबरग्लास, मधे लाकडाचा गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि वरून देखणा थर. हे सगळं ओल्या इपॉक्सीसकट साच्यात ठेवून ती कडक होईपर्यंत दाबून धरायचं. दाबण्यासाठी आगीच्या बंबाला असतो तसला कापडी होज वापरतात. दोन्ही टोकं बंद करून त्यात कॉम्प्रेसरने हवा भरायची. ४० पीएसआय (दर चौरस इंचावर ४० पौंड) ऐकायला किरकोळ वाटतं, गाडीच्या टायरमध्येही साधारण तेवढाच दाब असतो. पण १८० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर त्याचे साडेसात टन होतात. लाकडी चौकट इथे चालत नाही, पोलादी आय-बीमच (I आकाराच्या तुळया) लागतात. आम्ही ते भंगारवाल्याकडून वजनावर घेतले, म्हणून स्वस्तात पडले. वेल्डिंगची मजुरी आणि आणायला भाड्याने घेतलेला ट्रक यांनी ती बचत खाऊन टाकली.

प्रेस नको, व्हॅक्यूम पिशवीत भागेल, असं सुचवणारे खूप भेटतात. भागतं, पण त्यात वातावरणाचा असतो तेवढाच दाब मिळतो. तो समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय असतो, आणि डेन्व्हर १,६०० मीटरवर असल्याने इथे जेमतेम १२. फायबरग्लासमधली जादा इपॉक्सी पुरती निघत नाही, स्की जड होते.

मग वीज. इपॉक्सी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की तासाभरात काम होतं, नाहीतर साचा रात्रभर अडकून पडतो. तापवायला सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट लागतं. ते स्कीच्या मापाचं करून घ्यावं लागतं आणि एकटंच काही शे डॉलर खातं. इथल्या घरांत १२० व्होल्ट, १५ अँपिअरची लाइन म्हणजे फार तर १,८०० वॉट. ब्लँकेट चालू असताना कॉम्प्रेसरने दम घेतला की ब्रेकर पडणार, हे ठरलेलं. स्वतंत्र लाइन ओढायला इलेक्ट्रिशियन आणि शहराची परवानगी, हा खर्च कुठल्याच यादीत नव्हता. थंडीत गराज गरम ठेवण्याचं बिल त्यावर आणखी, कारण गारठ्यात इपॉक्सी घट्ट होते आणि फायबरग्लासमध्ये मुरत नाही. आणि प्रेस आत म्हटल्यावर बायकोची गाडी हिवाळाभर बाहेर. रोज सकाळी काचेवरचा बर्फ मी खरवडायचा, या अटीवर तह झाला.

साहित्य एका जोडीपुरतं मिळत नाही, हीसुद्धा गंमतच. तळाचं प्लास्टिक रोलमध्ये येतं, इपॉक्सी गॅलनच्या किटमध्ये, फायबरग्लास किमान काही यार्ड. कडांचा खोका दोन मीटर लांब म्हणून कुरिअरवाले जादा लांबीचा अधिभार लावतात. एकदा तर पाठवणावळ मालाइतकीच भरली. म्हणजे २५० ची जोडी करायला आधी ७००-८०० चं सामान घरात भरावं लागतं. उरलेल्यात पुढच्या जोड्या होतील हे खरं, पण उघडलेलं हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा द्रव) फार काळ टिकत नाही.

किरकोळ म्हणून ज्यांची नोंदच ठेवली जात नाही अशा गोष्टी म्हणजे नायट्राइलचे हातमोजे, मिसळायचे कप, रोलर, ॲसिटोन, टेप आणि मास्कची कार्ट्रिज. फायबरग्लास आणि पोलादाच्या कडेलगतचं जादा कापताना जिगसॉची पाती शेंगदाण्यासारखी संपतात. मास्क आणि हातमोज्यांवर मात्र काटकसर नको. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. नंतर नुसत्या वासानेही त्रास होऊ शकतो.

आता वेळेचा मुद्दा, आणि इथे स्की आणि स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकीवरच ठेवायची रुंद फळी) यांत मोठा फरक आहे. बोर्ड एकच असतो, तो थोडा ताठ किंवा थोडा मऊ निघाला तर चालतं. स्की दोन, आणि त्या सारख्याच वाकल्या पाहिजेत. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पायाखाली गाभा १० ऐवजी साडेदहा मिलिमीटर राहिला तर ताठपणात साधारण १६ टक्के फरक. तो वळणावर लगेच कळतो, एक पाय ऐकतो, दुसरा वाद घालतो. त्यामुळे टोकाशी दोन मिलिमीटर आणि मधे दहा असा उतार रंधताना आमचे जेवढे शनिवार-रविवार गेले तेवढे बाकी कशातच नाहीत. बोर्डला ही कटकट नाही, पण रुंदी दुपटीहून जास्त, म्हणजे प्रेसवरचं बळही त्याच मानाने जास्त. शिवाय बाइंडिंगसाठी (बूट पकडून ठेवणाऱ्या जोडणीसाठी) एम-६ चे इन्सर्ट (स्क्रू बसवायचे आटेदार नट) गाभ्यात आधीच नेमके बसवायला लागतात. पहिलंच काम असेल तर मी बोर्डच सुचवेन.

स्की तयार झाली म्हणजे खर्च थांबला असं नाही. प्रेसमधून निघालेला तळ क्वचितच सपाट असतो. दुकानातल्या दगडी ग्राइंडरवर तो सपाट करून घेताना दर फेरीला प्लास्टिक झिजतं, आणि मुळात ते असतं सव्वा मिलिमीटरच. बाइंडिंग २०० ते ३०० डॉलर. ते बसवून द्यायला पहिल्या दुकानाने सरळ नकार दिला, दुसऱ्याने जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर सह्या घेतल्या. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. स्क्रू गाभ्यातून उपटला तर पाय माझा मोडेल, पण खटल्याची भीती त्यांना.

फेब्रुवारीत एका टोकाशी थर सुटायला लागले. घरगुती स्कीचं हे जुनं दुखणं आहे. तळाला वापरतात ते पॉलिथिलीन कशालाही चिकटत नाही म्हणूनच बर्फावर घसरतं, आणि आपण तेच चिकटवायला बघतो. ज्योत फिरवून किंवा घासून पृष्ठभाग तयार करतात, तरी टोकं कच्ची राहतात. फटीत पाणी शिरतं, गोठतं, फट रुंद करतं. इपॉक्सी घालून क्लॅम्प लावले, पुढे मेपर्यंत टिकली. दुकानातली जोडी असती तर वॉरंटीत बदलून मिळाली असती. आणि सेकंडहँड बाजारात आमच्या जोडीला शून्य किंमत आहे. तेवढ्यासाठी निदान लॉजबाहेर ती बिनधास्त उभी करता येते, कोणी नेत नाही.

चालते कशी? अ‍ॅश आणि पॉप्लरचा गाभा, पायाखाली रुंदी ९८ मिलिमीटर. दुकानातल्या याच मापाच्या स्कीपेक्षा थोडी जड, पण सकाळच्या कडक बर्फावर थरथर अजिबात नाही, आणि ताज्या भुसभुशीत बर्फात टोक छान वर राहतं. कोलोरॅडोत हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ आणि दगड फार. तेव्हा पडलेले ओरखडे मेणबत्तीसारखी प्लास्टिकची कांडी पेटवून भरले. आता खाली ठिगळांचा नकाशा झालाय. नाशिकहून आई फोनवर विचारते, ‘‘विकत मिळत नाहीत का रे?’’ मिळतात ना, सीझन संपताना तर ३००-४०० डॉलरलाही.

पैसे वाचवायचे म्हणून हे करू नये. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला अभियंता हॉवर्ड हेड १९४७ साली धातूच्या स्की बनवायला बसला तेव्हा पोकरमध्ये जिंकलेले ६,००० डॉलर त्याने त्यात घातले, आणि स्की मोडत राहिल्या. विकण्याजोगी जोडी यायला १९५० उजाडलं. आमचा सगळा खर्च धरून तो दोन जोड्यांत वाटला तर एक जोडी जवळपास १,८०० डॉलरची होते. सहा-सात जोड्या केल्या की आकडा दुकानाच्या भावाला येईल, पण सहा-सात जोड्या कोणाच्या पायात घालायच्या हा प्रश्न उरतोच. फक्त एकदा बनवून बघायची हौस असेल तर जिथे तयार प्रेस वापरायला देतात अशी कार्यशाळा गाठा, फी जास्त वाटली तरी शेवटी स्वस्त पडते.

आणि डेन्व्हर-बोल्डरच्या आसपास राहणारे कोणी असाल तर आमची प्रेस सप्टेंबरपर्यंत रिकामीच आहे. साहित्य, हातमोजे आणि मास्क आपापले आणा. रंधा आहे, पातं मात्र नवं घेऊन या.