साडेसोळा, सतरा की साडेसतरा? खोगिराची सीट निवडताना

नागपुरात स्वतःचं पहिलं खोगीर घ्यायचं म्हटलं की चार मापं समोर मांडून, बसून बघून निवडायचा योग सहसा येत नाही. माल बहुतेक कानपूरहून येतो आणि सौदा फोनवर होतो. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सीट कितीची पाठवू?" इथे बरेच जण उंची सांगतात, कुणी वजन सांगतं, कुणी पँटची कंबर. विकणारा अंदाजाने "सतरा घ्या, सगळ्यांना चालते" म्हणतो आणि पार्सल निघतं.

सतरा सगळ्यांना चालत नाही. दोन मापांत फरक अर्ध्या इंचाचा, जेमतेम 13 मिलिमीटरचा असला तरी दुडकीत तेवढ्यानेच बैठक बदलते.

आधी माप कशाचं घ्यायचं ते. सीट ठरते मांडीच्या लांबीवर. भिंतीला लावून एक टणक, सपाट स्टूल ठेवा. सोफा नको, त्यात बूड रुततं आणि माप चुकतं. पाठ आणि बूड भिंतीला टेकलेलं, गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर. आता टेलरची फीत भिंतीपासून मांडीच्या बाहेरच्या कडेने गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत. फीत दुसऱ्याला धरायला सांगा. स्वतः वाकून मोजलं तर बूड पुढे सरकतंच. पँट रायडिंगचीच असू द्या.

हे माप साधारण 18.5 ते 20 इंच आलं तर सीट 16.5 ची, 20 ते 21.5 असेल तर 17 ची, 21.5 ते 23 मध्ये 17.5 ची, आणि त्यापुढे 18 ची. प्रत्येक कारागिराचा तक्ता थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून हा आकडा सुरुवातीपुरता धरा. इंग्लिश पद्धतीच्या खोगिराचं माप मात्र सगळीकडे एकाच रीतीने घेतात: पुढच्या उभाराच्या बाजूला जो गोल खिळा किंवा बटण दिसतं, तिथपासून मागच्या उभाराच्या, म्हणजे कॅन्टलच्या, मधोमध वरच्या कडेपर्यंत सरळ रेषेत. जुनं खोगीर घेत असाल तर छापलेल्या आकड्यावर न जाता हे स्वतः मोजा. फीत सीटच्या खोलीत दाबू नका, ताणून धरा.

आता एकाच तबेल्यात दिसणारे दोन स्वार शेजारी शेजारी ठेवून बघा. एक भाऊ पावणेसहा फुटांच्या वर, किडकिडीत, मांडी 22 इंच. एक ताई सव्वापाच फूट, अंगाने भरलेल्या, मांडी 20.5 इंच. बघणारा छातीठोक सांगेल की ताईंना मोठं खोगीर लागेल, भाऊला लहान चालेल. होतं उलटं. भाऊला 17.5 लागतं, कारण 17 मध्ये त्याचा गुडघा फ्लॅपच्या, म्हणजे पायाखाली बाजूला लोंबणाऱ्या चामड्याच्या पल्ल्याच्या, पुढच्या कडेबाहेर जातो, आणि गुडघा आत घ्यायला तो मागे सरकला की थेट कॅन्टलवर चढतो. ताईंना 17 पुरतं. मागे जागा थोडी कमी वाटली तर त्यांनी 17.5 जरूर बघावं, पण तेव्हा फ्लॅप आखूड मागवावा. सीट आणि फ्लॅप ही दोन वेगळी मापं आहेत, आणि फोनवर फक्त पहिलं सांगितलं जातं. फ्लॅप लांब पडला तर पोटरी घोड्याला लागतच नाही, टाच मारली तरी ती चामड्यावर.

सतरा आणि साडेसतरामध्ये अडकलात तर

खरा घोळ इथेच होतो, कारण प्रौढांपैकी पुष्कळ जण याच पट्ट्यात येतात. बसून बघायला मिळालं तर रिकिबीत पाय घालून, नेहमीच्या लांबीवर, खोगिराच्या सगळ्यात खोल जागी बसा. मागे बुडापासून कॅन्टलच्या कडेपर्यंत आडवी चार बोटं मावली पाहिजेत. पुढे गुडघा आणि फ्लॅपची कड यांत दोन-तीन बोटं. मागे दोनच बोटं मावत असतील तर सीट लहान. अख्खा पंजा घालून वर जागा उरत असेल तर मोठी.

लहान सीटचा त्रास लगेच कळतो. दुडकीत उठून बसताना कॅन्टल बुडाला लागतं, पुढचा उभार टोचतो. शिवाय स्वाराचं वजन खोगिराच्या मागच्या टोकावर एकवटतं आणि घोड्याच्या कमरेला तिथे दुखायला लागतं. मोठ्या सीटचा त्रास उशिरा कळतो, कारण बसल्याबसल्या ती ऐसपैस, मस्त वाटते. नंतर लक्षात येतं की आपण आत घसरतोय, पाय पुढे चाललेत, खुर्चीत बसल्यासारखी बैठक झालीय आणि तोल लगामावर सांभाळला जातोय. उस्ताद ओरडतात, "टाच खाली, पाय मागे!" आणि स्वार बिचारा सगळा दोष स्वतःला देतो.

माझा कौल असा: नेमकं मधल्या मापाचा स्वार असेल तर 17.5. अर्धा इंच जास्तीची सीट निभावून नेता येते, कमी पडलेल्या अर्ध्या इंचाला काही इलाज नाही. सीट खोल असेल तर हे आणखीच खरं, कारण खोल सीटचं 17.5 बसायला सपाट सीटच्या सतरासारखं लागतं. सपाट सीटच्या जंपिंगच्या खोगिरात 17 घेऊन बघायला हरकत नाही, फक्त रिकीब आखूड करून बसल्यावर मांडी पुढे येते, तेव्हा गुडघा पुन्हा तपासा.

पण हा कौल देताना एक जण विचारात घेतलेला नाही, आणि शेवटचा निर्णय त्याचाच असतो.

शिकाऊ स्वार म्हणतो, "सर, मग साडेसतराच सांगतो."

मी म्हणतो, "आधी घोड्याची पाठ मोज ना बाप्पा!"

घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटची बरगडी बोटांनी चाचपा, तिच्या वळणाने वर कण्यापर्यंत या आणि खडूने खूण करा. पुढे खांद्याचं हाड कुठे संपतं तिथे दुसरी खूण. खोगिराखालची गादी या दोन खुणांच्या आत बसली पाहिजे. मागच्या खुणेपलीकडे गेली की वजन कमरेवर येतं आणि तिथे आधाराला बरगड्या नाहीत. रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेडला इथे सहसा अडचण येत नाही, त्याची भानगड उंच खांद्यांची असते. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला काठियावाडी असेल तर त्याची पाठ बहुधा आखूड भरते, आणि आटोपशीर बांध्याच्या मारवाडीलाही हेच लागू. अशा पाठीवर साडेसतराची लांब गादी मागे उतू जाते. मग दोन वाटा उरतात: 17 वर समाधान मानायचं, किंवा मागची कड वर उचललेली, आखूड गादीची रचना मागवायची, ज्यात सीट 17.5 ची राहते पण पाठीवर टेकणारी लांबी कमी होते. मला दुसरी वाट पटते. मात्र मागवताना शब्द स्पष्ट हवेत: "सीट साडेसतरा, गादी आखूड पाठीची."

घोड्याच्या रुंदीचा सीटशी काही संबंध नाही, तरी लोक ती गल्लत करतात. ती ट्रीची रुंदी, म्हणजे खोगिराच्या आतल्या सांगाड्याची. ती कळवायला सीताबर्डीत ड्रॉइंगचं सामान मिळतं तिथे लवचीक पट्टी मागा. हवा तसा वाकवला की आकार धरून राहतो, असा रबरी कर्व्ह. खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटं सोडून तो पाठीवर आडवा दाबायचा, अलगद उचलून कागदावर ठेवायचा, आतून पेन्सिल फिरवायची. या रेषेचा अख्ख्या मापात काढलेला कागद कानपूरला गेला की निम्मा गोंधळ मिटतो. फोटो पाठवू नका, फोटोत माप राहत नाही.

प्रकारांचं थोडक्यात सांगतो. शिकणाऱ्याने जनरल पर्पज, म्हणजे सगळ्या कामांना चालणारं, घ्यावं. ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराचं, खोगीर सरळ, लांब फ्लॅपचं आणि खोल सीटचं असतं. त्यात नेहमीपेक्षा अर्धा इंच वर जा. वेस्टर्न खोगिराचं माप वेगळ्या जागेवरून घेतात, त्यामुळे त्याचा आकडा साधारण दोन इंचांनी कमी दिसतो: इकडचं 17 म्हणजे तिकडचं 15 च्या आसपास. वरातीच्या घोडीवरचं सजवलेलं देशी खोगीर या तुलनेत येतच नाही.

मुलांसाठी एकच सांगणं. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आज 16 बसतं म्हणून नवं घेऊ नका, आणि "वाढत्या अंगाचं" म्हणून 17.5 तर नकोच. शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे लागू होत नाही. क्लबचं खोगीर वापरू द्या, किंवा जुनं घेऊन नंतर विका.

चामडं की सिंथेटिक? नागपूरपुरतं बोलायचं तर मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, घामाने खोगीर चिंब होतं, आणि जुलै-ऑगस्टात बंद खोलीतल्या चामड्याला बुरशी धरते. रोज पुसायला हात असतील तर चामडंच घ्या, त्याची पकड वेगळीच. हात नसतील तर सिंथेटिक पाण्याने धुऊन मोकळं होता येतं. विंटेकसारख्या सिंथेटिक खोगीर बनवणाऱ्या कंपन्यांच्या खोगिरात पुढची लोखंडी कमान बदलून रुंदीही बदलता येते. घोडा बदलायची शक्यता असेल तर ही मोठी सोय. चमकदार बकल, नक्षी, जुळणारे नमदे ही पुढची खोगीरभरती.

पैसे भरण्याआधी परतीची अट लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. पार्सल आलं की पहिल्या दिवशी रपेट नको. स्वच्छ पांढरा कपडा घोड्याच्या पाठीवर, त्यावर खोगीर, रिकिबीच्या पट्ट्यांवर जुने लांब मोजे चढवलेले, म्हणजे फ्लॅपवर ओरखडा उमटत नाही. तंग आवळा, वर बसा आणि मागची चार बोटं दुसऱ्या कुणाला तरी मोजू द्या. कमी-जास्त निघालं तर तसंच्या तसं डब्यात घालून परत पाठवता येतं.