स्कूटरचा टॉप स्पीड वाढवून देतो म्हणून ११,५०० घेतले आणि वाढला फक्त मीटरचा काटा

हे लिहायला तीन महिने लावले कारण लाज वाटत होती, पण परवा शिफ्टमधल्या एका पोरानं त्याच गॅरेजचा पत्ता मागितला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. गॅरेजचं नाव देणार नाही. नाव दिलं की भांडण माझं आणि त्याचं होतं, आणि बाकीचे म्हणतात आमचा मेकॅनिक तसा नाही. प्रकार नीट वाचा, तो कुठल्याही गावात होऊ शकतो.

माझी गाडी अ‍ॅक्टिव्हा ३जी, २०१६ ला घेतलेली, कार्ब्युरेटरवाली. १०९ सीसी, साधारण आठ हॉर्सपॉवर. मी कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जातो, रोज हायवे. नवीन होती तेव्हा ८० आरामात जायची, गेल्या वर्षभरात ६८-७० च्या पुढं सरकेना. हायवेला ट्रक मागून अंगावर येतात, बाजूनं एसटी जाते तेव्हा गाडी हलते, मला काही रेस लावायची नव्हती, फक्त ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरायला लागू नये एवढंच पाहिजे होतं. नवीन गाडी घ्यायची ऐपत आत्ता नाही, घरी बहिणीचं शिक्षण चालू आहे.

तर मोबाईलवर रील बघितली, त्यात एकजण स्कूटरचा मीटर दाखवतोय, काटा १०५ वर. गाव आपलंच. फोन केला तर म्हणाला, "ये की भावा, गाडी बघून सांगतो, शंभर तर पकडणारच." गेलो. त्यानं गाडी दोन मिनिटं रेस केली, कान लावला आणि म्हणाला इंजिन एकदम दमदार आहे, १२५ सीसीचा बोअर किट, म्हणजे मोठा सिलिंडर आणि पिस्टन, बसवू. बोअर किट ६,५००, बेल्टच्या पुलीतले रेसिंग रोलर आणि स्प्रिंग २,०००, सायलेन्सर मोकळा करायचे १,५००, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट आणि मजुरी १,५००. एकूण ११,५००. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं आकडे लिहून दिले. मी ते घेतलं, इथंच चुकलो. आणि मुख्य म्हणजे त्यानं बेल्टचं झाकण उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, गाडीचा स्पीड का पडला हे विचारलंच नाही.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. सोबत एका पिशवीत "तुझा जुना पिस्टन" म्हणून काळा झालेला पिस्टन दिला. चालवली तर खरंच वेगळी वाटली, आवाज मोठा, इंजिन पिसाळल्यासारखं फिरतंय, सिग्नलवरनं उठते पण छान, आणि हायवेला काटा ९५ ला टेकला. मी इतका खूश की त्याला फोन करून धन्यवाद दिले.

शंका आली ती पेट्रोलच्या वहीमुळं. मी दर वेळी टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवतो, वडिलांची सवय मला लागली. आधी ४४ चं अ‍ॅव्हरेज होतं, काम केल्यावर आलं ५३. आता मोठा बोअर, मोठा जेट, इंजिन जास्त फिरतंय आणि अ‍ॅव्हरेज वाढतं कसं? दुसऱ्या टाकीलाही तेच. मग डोक्यात आलं की घर ते कंपनी मीटरवर ११ किलोमीटर व्हायचं ते आता १४ च्या वर दाखवतंय. रस्ता तर तोच, उजळाईवाडीवरनंच जातोय. त्या दिवशी रात्री झोप लागली नाही खरंच.

दुसऱ्या दिवशी मित्राला मागं बसवलं, त्याच्या हातात मोबाईल, जीपीएस स्पीडचं अ‍ॅप चालू. सरळ सपाट रस्ता. माझा काटा ९५ आणि तो मागनं ओरडतोय ६९. परत येताना, वारं उलटं असेल म्हणून, दुसऱ्या दिशेनं पण बघितलं, ६९-७०. म्हणजे ११,५०० देऊन गाडी जिथं होती तिथंच.

मामाचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, त्याच्याकडं गाडी आणि पिशवी दोन्ही घेऊन गेलो. मामानं काही न बोलता व्हर्निअर घेतला आणि पिस्टन मोजला, ५७ मिमी. माझ्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आहे ५० मिमी. हा पिस्टन माझ्या ब्लॉकमध्ये जाऊच शकत नाही, कुठल्यातरी दीडशे सीसी बाईकचा भंगारातला. मग मामाच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक काका आहेत, साठीच्या पुढचे, त्यांनी इंजिनकडं बॅटरी मारून दाखवलं, हेडच्या नटांवर वर्षानुवर्षांचा तेल-मातीचा थर जसाच्या तसा. पाना लागलेलाच नाही. तरी मी हट्ट धरला म्हणून त्यांनी हेड काढून बघितलं. आत कंपनीचाच ५० चा पिस्टन.

मग काटा ९५ कसा? या गाडीचा मीटर पुढच्या चाकातनं केबलवर चालतो, चाकात एक छोटी गरारी असते ती केबल फिरवते. त्यानं ती काढून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची घातली होती, दात वेगळे, त्यामुळं केबल साधारण १.३ पट जास्त फिरत होती. काटाही तेवढाच जास्त आणि किलोमीटरही तेवढेच जास्त. ५३ ला १.३ नं भागा, ४१ येतं. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज उलट तीननं पडलं होतं. सायलेन्सरच्या आतली जाळी कापलेली म्हणून आवाज, आणि हलके रोलर घातले म्हणून इंजिन कायम वरच्या आरपीएमला ओरडतंय. आवाज, ओरडणारं इंजिन आणि पुढं पळणारा काटा, तिन्ही एकत्र आले की माणसाला वेग वाटतोच, मला वाटला.

ज्या गोष्टीचा अजून राग जात नाही ती वेगळीच आहे. गरारी बदलायला पुढचं चाक काढलं होतं आणि बसवताना ब्रेकची केबल ढिली ठेवली, अ‍ॅक्सलचा नटसुद्धा पुरा आवळलेला नव्हता. काकांनी पाना लावला तर तो पाऊण फेरा फिरला. त्या गाडीवर मी बहिणीला मागं बसवून क्लासला सोडत होतो. पैसे गेले ते सहन होतं, हे नाही.

काकांनी त्या दिवशी जे समजावलं ते सगळ्यांना माहीत पाहिजे. ८० वरनं १०० म्हणजे वेग सव्वापट. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो दीडपटीच्या वर जातो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं वाढते म्हणजे जवळपास दुप्पट. आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला पंधरा-सोळा हॉर्सपॉवर लागणार. ती रोलर आणि स्प्रिंगमधनं येत नाही. हलक्या रोलरनं पिकअप सुधारतो, टॉप नाही, कधीकधी थोडा कमीच होतो. आणि समजा कुणी खरंच ताकद वाढवली तरी ब्रेक तेच, दोन्ही चाकांना १३० मिमीचे ड्रम, दहा इंची चाकं. १०० वरनं थांबायला ८० च्या मानानं दीडपटीहून जास्त अंतर लागतं. एसटी पुढं अचानक थांबली तर ते अंतर आणायचं कुठनं?

मग माझी गाडी मुळात स्लो का झाली होती, तर काकांनी बेल्टचं झाकण काढलं आणि पुलीच्या तोंडावर मार्करनं आतनं बाहेरपर्यंत एक रेघ मारली. झाकण लावून मला हायवेला पूर्ण अ‍ॅक्सलेटर देऊन एक चक्कर मारायला सांगितली. परत येऊन उघडलं तर बेल्टनं रेघ पुसली होती पण वरच्या कडेला चार-पाच मिमी रेघ तशीच शिल्लक. म्हणजे बेल्ट वरपर्यंत चढतच नव्हता, गाडी शेवटच्या गिअरला पोचतच नव्हती असं समजा. बेल्ट घासून बारीक झालेला, माझे मूळचे रोलर (डिकीतल्या एका कागदात गुंडाळलेले सापडले) एका बाजूनं चपटे झालेले, एअर फिल्टर काळाकुट्ट, टॅपेट घट्ट आणि मागचा ब्रेक चिकटून चालत होता. कंपनीचा बेल्ट, कंपनीच्या वजनाचे सहा रोलर, स्लायडर, फिल्टर, टॅपेट सेटिंग, ब्रेक साफ, टायरमध्ये स्टिकरवर लिहिलीय तेवढी हवा. गरारी आणि सायलेन्सर सोडून २,१०० रुपये. जीपीएसवर ७९. गाडी आजारी होती, तिला ट्यूनिंग नाही औषध पाहिजे होतं.

परत त्या गॅरेजला गेलो, मामा सोबत. आधी म्हणाला मोबाईल चुकीचं दाखवतो. पिस्टन आणि व्हर्निअर टेबलावर ठेवल्यावर म्हणाला पोरानं काम केलं, मला माहीत नाही. पैसे द्यायला तयार नाही. मग ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली, यूपीआयचं पेमेंट, त्या कार्डाचा फोटो, जीपीएसचा व्हिडिओ सगळं जपून ठेवलं होतं. दहा दिवसांनी त्याचा स्वतःहून फोन आला आणि ४,००० परत दिले. बाकीचे ७,५०० गेले धरून चाललोय, पण ग्राहक आयोगाचा रस्ता अजून उघडा आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.

पण एक खरं सांगतो, आयोगात जायला मी कचरतोय कारण माझी बाजू पण स्वच्छ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला, मेकॅनिकला नाही. विमा कंपनीनं अपघातात क्लेम अडवला तर तो त्रास वेगळा. असली माणसं याच भरवशावर असतात की गिऱ्हाईक तक्रार करायला घाबरणार.

पत्ता मागणाऱ्या पोराला पत्ता दिला नाही. रविवारी त्याची गाडी घेऊन काकांकडं गेलो, आधी दोघांनी जीपीएस लावून स्पीड लिहून घेतला, ६६. मग पुलीवर रेघ मारून चक्कर मारली. त्याची पण सहा मिमी रेघ शिल्लक होती. बेल्ट मागवलाय, गुरुवारी येतोय.