लोटस ४९ आणि माझा उजवा पाय

पहिल्याच संध्याकाळी 'असेटो कोर्सा' या कार रेसिंगच्या गेममध्ये लोटस ४९ ही जुनी फॉर्म्युला वन गाडी घेऊन बसलो आणि अकरा वेळा गोल फिरलो. नेमका आकडा सांगतोय कारण शेजारी बसून लेक मोजत होती. "बाबा, ही गाडी पुढे कधी जाणार?" तिचं काही चुकलं नव्हतं.

मला सवय जीटी३ गाड्यांची, म्हणजे आजच्या स्पोर्ट्स कारच्या रेसिंग आवृत्त्यांची. चाकं जागच्या जागी घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, मागे भलामोठा पंख; आपण गाढवपणा केला तरी गाडी पोटात घालते. १९६७ च्या या लोटसकडे त्यातलं काही नाही. वजन जेमतेम पाचशे किलो आणि पाठीशी तीन लिटरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, ताकद चारशे हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिनाला वेगळी चौकटही नाही. ड्रायव्हर बसतो तो गाडीचा सांगाडा, म्हणजे टब, त्याच्या मागे जिथे संपतो तिथेच ते बोल्टने जोडलेलं, आणि मागच्या सस्पेन्शनचा भार त्याच्यावरच. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला पहिल्याच शर्यतीत लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्कने ही गाडी जिंकून दाखवली होती. मी पहिल्या गिअरमध्येच वाळूत.

मेख थ्रॉटलमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटरमध्ये आहे. सुरुवातीच्या डीएफव्हीत साडेसहा हजार आरपीएमच्या आसपास ताकद एकदम अंगावर यायची. गेममध्ये इटलीतल्या मोंझाचा १९६६ चा ट्रॅक लावा आणि लेस्मोच्या दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना पाय जरा घाईने दाबा, म्हणजे कळेल. आधी आवाज चढतो, मग स्टीअरिंग हातात हलकं पडतं, आणि मग मागची चाकं आपल्या आधी वळण पूर्ण करायला निघतात. घाबरून पाय उचललात तर संपलंच. उलटं स्टीअरिंग देऊन थ्रॉटल तिथल्या तिथे धरून ठेवायचा. हे लिहायला सोपं आहे. माझ्या पायाला पटायला तीन आठवडे लागले.

कॉकपिटमधून पुढची दोन्ही चाकं उघडी दिसतात, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. टायर किती वळलाय, सस्पेन्शनचे दांडे कसे हलतायत, सगळं डोळ्यासमोर. घसरण हाताला कळते, डोळ्यांनाही दिसते.

गिअर मात्र एच-शिफ्टर (साध्या गाडीसारखा गिअरचा दांडा) आणि क्लचनेच टाका. स्टीअरिंगमागच्या बटणवजा पॅडलवर ही गाडी चालवणं म्हणजे चमच्याने वरणभात खाणं. पोट भरतं, मजा नाही. ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या कडेने रेस द्यायची, मग गिअर खाली. रेस कमी पडली की मागची चाकं क्षणभर अडकतात आणि पुन्हा गोल. या सगळ्या कसरतीत माझ्या पेडल सेटचा ब्रेक दुसऱ्याच महिन्यात तडकला. विकणाऱ्या कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. सध्या दोन स्क्रू आणि एका फळीवर भागतंय. त्याचा दोष गाडीला देत नाही.

मूळ गेममध्ये पाऊस नाही. कोणाला ती उणीव वाटेल, मला कोरड्या रस्त्यावरच पुरतं झालंय.

मोंझालाच १९६७ मध्ये पंक्चरमुळे क्लार्कची एक अख्खी लॅप गेली. ती त्याने भरून काढली, पुन्हा पुढेही आला. शेवटच्या लॅपला इंजिनला पेट्रोल पुरेना आणि तिसरा आला. जिंकला जॉन सर्टीज, होंडात. तेव्हा त्या रस्त्यावर शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणंही नव्हती. आधी ही गोष्ट मी नुसती वाचली होती. आता कुर्वा ग्रांदे या मोंझाच्या लांबलचक वेगवान वळणात पाय न उचलता जायचा प्रयत्न करताना, एक लॅप भरून काढणं म्हणजे काय, ते पोटात गोळा येऊन कळतं.

कीबोर्डवर खेळत असाल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका. गेमपॅडवर जमेल, पण रोज रडाल. गेमचं स्टीअरिंग व्हील आणि तीन पेडल असतील तर जरूर घ्या.

काल न फिरता सलग आठ लॅप झाल्या. नवव्या लॅपला पाराबोलिका या शेवटच्या वळणात थ्रॉटल थोडा लवकर दाबला. टायरचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण तिकडून लेक ओरडली, "एक!"