फोमची डान्स मॅट + स्टेपमॅनिया : घरी नाचून आर्केडचं अवघड गाणं क्लियर होतं का?

आधी मार्क देऊन टाकतो. मॅटला पाचपैकी अडीच, स्टेपमॅनियाला (घरच्या कॉम्प्युटरवर डान्स गेम खेळायचा प्रोग्रॅम) पाचपैकी पाच. दोन्ही मिळून जे झालं त्याला किती द्यायचे ते मलाच कळत नाहीये, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

डान्स डान्स रेव्होल्यूशन, म्हणजे डीडीआर, कोनामीने १९९८ साली आर्केडमध्ये (गेम पार्लरमध्ये) आणला. पायाखाली चार बाण, स्क्रीनवर खालून वर सरकणारे बाण, वरच्या रांगेत बाण पोचला की त्याच क्षणी पाय पडला पाहिजे, बस एवढंच. मी अवघडपणाच्या जुन्या दहाच्या स्केलवरची नवाची गाणी बऱ्यापैकी खेळायचो (२००८ च्या डीडीआर एक्सपासून स्केल वीसचं झालं, पण आमच्या वयाची माणसं अजून जुन्याच आकड्यात बोलतात), आणि अडकलो होतो २००१ च्या डीडीआरमॅक्समधल्या त्या ३०० बीपीएमच्या (बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके) बॉस गाण्यावर, म्हणजे सगळ्यात अवघड गाण्यावर. खेळणाऱ्यांना नाव सांगायची गरज नाही. ३०० बीपीएम म्हणजे नुसते ठोक्यावरचे बाण आले तरी सेकंदाला ५, आणि ठोक्याच्या मधले पण आले की सेकंदाला १०. मी दर वेळी अर्ध्या गाण्याच्या आत आडवा. पाय भरून यायचे, धाप लागायची, गेज (बाण चुकले की उतरणारी पट्टी, संपली की गाणं बंद) रिकामं, मागे लाईनमधली पोरं सहानुभूतीने बघतायत. माझी ठाम समजूत होती की आपला दम कमी पडतोय. म्हणून घरी प्रॅक्टिस करायला ही घडीची मॅट घेतली. कंपनीचं नाव देत नाही, कारण या सगळ्या मॅट आतून सारख्याच असतात आणि मला एकालाच धरून बडवायचं नाहीये.

मॅट कशी आहे : वर प्लास्टिकचं कापड, आत फोम, फोमला भोकं, आणि फोमच्या वर-खाली वीज जाईल असे दोन थर. पाय पडला की भोकातून दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि बाण लागतो. कल्पना झकास आहे, अडचण अशी की पायाला काहीच कळत नाही. आर्केडच्या मशीनवर प्रत्येक बाणाखाली चार बाजूंना चार सेन्सर असतात, मधे धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे बाण कुठे संपला ते तळव्याला समजतं. इथे सगळं सपाट, चादरीवर नाचल्यासारखं. दोन मिनिटांत तुम्ही न कळत चार बोटं पुढे सरकलेले असता, मग खालचा बाण लागत नाही आणि तुम्ही टीव्हीकडे बघून शिव्या देता. वर मॅट स्वतः पण सरकते. पहिल्या दिवशी मी खेळायला सुरू केलं टीव्हीसमोर आणि गाणं संपलं तेव्हा कपाटाजवळ होतो, अतिशयोक्ती नाही. उपाय जुनाच आहे, प्लायवूडचा तुकडा घ्या, मॅट ताणून बसवा, चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारा, प्लायखाली रबराचं काहीतरी टाका, त्याने खालच्या मजल्यावरच्या काकांशी संबंध पण टिकतात. एवढं केलं की मॅट अडीच मार्कांची होते, त्याआधी एक.

आता खरी गंमत. घेतल्यावर पहिले दोन आठवडे माझ्या डाव्या-उजव्या उड्या लागतच नव्हत्या. उडी म्हणजे दोन बाण एकदम. वर-डावं लागायचं, खाली-उजवं लागायचं, पण डावं आणि उजवं एकदम आलं की मिस. मला वाटलं आपलेच पाय पुढे-मागे पडतायत, नाचता येईना अंगण वाकडं असं नको म्हणून मुकाट्याने रोज अर्धा तास नुसत्या उड्या मारल्या, पोटऱ्यांची वाट लागली, फरक शून्य. मग एके दिवशी खाली बसून हातानेच दोन्ही बाण दाबून बघितले तर स्क्रीनवर काहीच नाही. अंगण खरंच वाकडं होतं राव! मॅटसोबत आलेला यूएसबी अडॅप्टर चार बाणांना चार वेगळी बटणं न मानता जॉयस्टिकची दांडी मानत होता, आणि दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही कटायचे. दुसरा अडॅप्टर लावला, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. तर जी कुठली मॅट घ्याल ती जमिनीवर टाकायच्या आधी डावं-उजवं आणि वर-खाली हाताने एकदम दाबून बघा. माझे दोन आठवडे आणि दोन पोटऱ्या यात गेल्या.

आता स्टेपमॅनिया. फुकट, ओपन सोर्स, २००१ पासून चालत आलेला प्रोग्रॅम आहे, कॉम्प्युटरवर टाकायचा, गाणी आणि स्टेप्सच्या फाइल्स फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि खेळायचं. बसवल्यावर पहिलं काम म्हणजे सिंक, कारण टीव्हीवर चित्र आणि आवाज थोडं मागेपुढे होतंच. एफ६ दाबलं की ऑटोसिंक चालू होतं आणि तुमच्या पावलांवरून तो ऑफसेट, म्हणजे हा मागेपुढेचा फरक, स्वतः जुळवतो. हे न करता प्रॅक्टिस केली तर तुम्ही तुमच्या टीव्हीचा उशीर पाठ करताय, आणि आर्केडला गेलात की सगळेच बाण चुकीच्या वेळी.

आणि इथेच मला माझ्या आजाराचं निदान झालं. म्यूझिक रेट म्हणून एक सेटिंग आहे, गाणं ०.७ पटीने, ०.८ पटीने सावकाश वाजतं. मी ते बॉस गाणं ०.७ वर लावलं, म्हणजे २१० बीपीएम, माझ्या पायांना हे काहीच नाही. तरीही मी नेमका त्याच जागी पडलो! त्याच जागी, त्याच बाणांवर. धाप लागलेली नाही, पाय ताजे, आणि तरी मिस, मिस, मिस. तेव्हा ट्यूब पेटली की दमाचा विषय दुसरा, आधी मला ते बाण वाचताच येत नाहीयेत.

वाचायचं गणित सोपं आहे आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं (किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल). गाण्याचा बीपीएम गुणिले तुम्ही लावलेला स्पीड, हा आकडा म्हणजे बाण डोळ्यासमोरून सरकायचा वेग. मी १५० च्या गाण्यांना ४ पट स्पीड लावायचो, म्हणजे ६००. आणि ३०० च्या गाण्याला, ते आधीच फास्ट आहे म्हणून, घाबरून १ पट ठेवायचो. म्हणजे ३००. माझ्या डोळ्यांना ६०० ची सवय आणि सगळ्यात अवघड गाणं मी निम्म्या वेगावर वाचत होतो, बाण एकमेकांवर चढलेले, मुंग्यांच्या रांगेसारखे. २ पट लावलं तर ६०० झालं, बाण मोकळे झाले, आणि कोणता पाय कधी हे दिसायला लागलं. अवघड गाण्यात स्पीड वाढवायचा हे ऐकायला उलटं वाटतं पण एकदा लावून बघाच. बीटमॅनिया टू डीएक्स (कोनामीचाच, हाताने बटणं दाबून खेळायचा गेम) खेळणारे याच कामासाठी हिरवा नंबर बघतात, नोट किती वेळ दिसते त्याचा आकडा, आणि गाणं बदललं तरी तो आकडा शक्यतो बदलू देत नाहीत. स्टेपमॅनियात तर सी-मॉड नावाची स्पीडची सेटिंग लावली की बीपीएम काहीही असो वेग एकच राहतो, आणि एम-मॉडला गाण्यातला सगळ्यात मोठा बीपीएम धरून वेग ठरतो. पण मधे वेग बदलणाऱ्या गाण्याची प्रॅक्टिस करताना सी-मॉडची सवय लावून घेऊ नका, आर्केडला तो झटका बसणारच आहे, तो घरीच खाल्लेला बरा. तिथे जास्तीत जास्त बाण ज्या बीपीएमला आहेत त्या हिशोबाने स्पीड ठेवायचा आणि सावकाश भाग पाठ करायचा.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे रंग. बाणांना लय बघून रंग देणारी स्किन (बाणांचं रूप बदलायची सेटिंग) लावा, ठोक्यावरचा लाल, दोन ठोक्यांच्या बरोबर मधला निळा. मला याचा सगळ्यात मोठा फायदा हरवल्यावर झाला. पूर्वी एकदा पाय चुकला की मी घाबरून दिसेल तो बाण तुडवायचो आणि त्यात आणखी वीस बाण जायचे. आता चुकलं की दोन-तीन बाण सरळ सोडून देतो, पुढचा लाल पकडतो आणि त्यावर परत चढतो. तीन मिस गेजला चालतात, वीस नाही चालत. डीडीआरचं गेज अर्ध्यापासून सुरू होतं, म्हणून सुरुवातीच्या सोप्या भागात नीट खेळून ते भरून घ्यायचं, तिथे स्टाईल मारत बसायचं नाही.

एफ७ ने टाळीचा आवाज चालू होतो, प्रत्येक बाणाच्या नेमक्या वेळेला एक टाळी. मी आधी नुसता बसून, एफ८ ने ऑटोप्ले (कॉम्प्युटर स्वतःच खेळतो) लावून, मांडीवर हाताने वाजवत ते गाणं ऐकलं. घरचे म्हणाले हा आता बसून पण नाचायला लागला. ऐकून ऐकून कळलं की जिथे मी पडायचो तिथे अवघड असं फारसं काही नव्हतंच, डावं-खाली-उजवं असा क्रॉस होता. डावा पाय डावीकडे, उजवा खाली, मग परत डाव्याची पाळी आणि बाण मात्र उजवीकडचा, म्हणजे डावा पाय पुढून ओलांडून उजव्या बाणावर न्यायचा, कंबर वळवायची. मी तिथे उजवा पायच दोनदा टाकायचो. सावकाश गाण्यात हे खपतं, सेकंदाला १० बाण असताना एकाच पायाने लागोपाठ दोन बाण मारायला गेलं की संपलंच. मग ०.७, ०.७५, ०.८ असं चढत गेलो, एका वेळी फक्त तो सात-आठ सेकंदांचा तुकडा. पाय उचलायचा नाही, नुसता सरकवायचा, वजन चवड्यावर, आणि प्रत्येक बाणानंतर मधे परत यायचं नाही. ही मधे यायची सवय फार चिवट असते. अर्धा दम त्यातच जातो.

एक चूक मात्र केलीच. एकाच दिवशी ते गाणं पंधरा-वीस वेळा. चौथ्या दिवशी असं झालं की बाण काहीही येवो पाय आपले ठरलेली चूकच करतायत. जपानी खेळाडू याला कुसे म्हणतात, म्हणजे खोड, त्या ठरावीक चार्टची, म्हणजे गाण्यातल्या बाणांच्या मांडणीची, पायांना लागलेली चुकीची सवय. यावर इलाज म्हणजे गाणं काही दिवस सोडून देणं, किंवा मिरर लावून, म्हणजे डावं-उजवं आणि वर-खाली यांची अदलाबदल करून, उलटं खेळणं. मी दहा दिवस त्या गाण्याला हात, म्हणजे पाय, लावला नाही, त्याच वेगाची दुसरी गाणी खेळलो. मिररचा एक फायदा असा की डाव्या पायाने सुरू होणाऱ्या रांगा उजव्याने सुरू करायची वेळ येते आणि आपला दुसरा पाय किती आळशी आहे ते कळतं.

मॅट कुठे कमी पडते ते पण सांगतो. दम घरी येतो पण अर्धाच, कारण फोमवर २५० च्या वर खेळवतच नाही, पावलं उशिरा सुटतात, बाण दाबलेलाच राहिल्यासारखा होतो. म्हणून पूर्ण वेगाची प्रॅक्टिस मॅटवर करूच नका, गुडघ्यांवर पण येतं. आर्केडच्या कडक पॅडवर बूट घालून पहिले दोन क्रेडिट मला सगळंच परकं वाटलं. आणि बार! मशीनला मागे जो दांडा असतो तो घरी नाही. मी हुशारी करून मागे खुर्ची ठेवली, तिसऱ्याच गाण्यात खुर्ची आणि मी दोघं जमिनीवर, तेव्हा हे करू नका. बार धरणं म्हणजे फसवणूक असं म्हणणारे बरेच असतात, माझं मत असं की क्लियर करायचंय तर धरा. सगळा भार दांड्यावर टाकून लोंबकळू नका, नुसता तळहाताचा टेकू, त्याने वरचं अंग हलत नाही आणि पाय मोकळे राहतात.

चार महिन्यांनी क्लियर झालं. ग्रेड सांगण्यासारखा नाही. स्पीड २ पट, हात बारवर, क्रॉसच्या जागी कंबर आपोआप वळली, पुढे एका रांगेत हरवलो तर तीन बाण सोडून लाल पकडला, शेवटी गेजमध्ये एक बारीक पट्टी उरली होती आणि मला ती दिसलीच नाही, मागच्या पोराने सांगितलं, दादा झालं तुमचं.

तर घ्यायची का? जवळ आर्केड असेल आणि आठवड्यातून दोनदा जाता येत असेल तर मॅट नका घेऊ, नुसता स्टेपमॅनिया टाका आणि कीबोर्डवर बोटांनी वाचायची प्रॅक्टिस करा, माझा तरी जास्त फायदा वाचण्यातच झाला. आर्केड लांब असेल तर घ्या, प्लाय आणि चिकटपट्टी धरून हिशोब करा आणि अडॅप्टर बघून घ्या. माझ्या मॅटचा वरचा बाण आता दोनदा मारला की एकदा लागतो, त्यामुळे वरचे बाण जास्त असलेली गाणी मी सध्या मिरर लावून खेळतोय, म्हणजे खालचा चांगला आहे तोवर.